काळी एकचा सा कुठं गेला? मिरजेतल्या एका माडीवरच्या स्टुडिओचं प्रकरण

ओंकारचा फोन आला तेव्हा पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज भरून झाला होता, सही तेवढी राहिली होती. साठ हजार रुपये, आठ इंची स्टुडिओ मॉनिटरच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवताना (मिक्स करताना) ऐकायच्या स्पीकरच्या, जोडीसाठी. "दादा, माझे स्पीकर काय कामाचे नाहीत, मिक्स इथं झकास वाटतंय आणि बाहेर नेलं की वाटोळं होतंय, सोमवारी सही करायची आहे, तुम्ही एकदा हो म्हणा म्हणजे झालं." मी म्हटलं रविवारी माईक घेऊन येतो, तोवर कुठं सही करू नकोस.

मी सांगलीत विश्रामबागला अँप्लिफायर दुरुस्तीचं काम करतो, वीस वर्षं झाली, आणि गेली सातआठ वर्षं स्पीकर मोजायचा नाद लागलाय. हे प्रकरण पूर्ण लिहून काढतोय कारण आपल्या भागात, मिरज सांगली तासगाव इस्लामपूर कुठंही बघा, पोरं घरातल्या एका खोलीत स्टुडिओ टाकताहेत, अभंग, भजन, भावगीत, लग्नाची गाणी सगळं तिथंच होतंय, आणि पहिली अडचण आली की पहिला संशय स्पीकरवर जातो. संशय घ्यायला हरकत नाही, पण आधी मोजा की राव. घरातनं साठ हजार जाणार असतील तर एक रविवार द्यायला काय हरकत आहे.

आधी जागा सांगतो. मिरजेत जुनं घर, खालच्या मजल्यावर चाचांचा तंबोऱ्यांचा कारखाना भाड्यानं, वर माडीवर ओंकारचा स्टुडिओ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते सगळ्यांना माहीत असेलच, पण त्या कारखान्यात शिरलं की मानांकनाच्या आधी नाकात लाखेचा वास येतो, छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, आणि चाचा घोडीवर कानस फिरवत बसलेले, जरा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. जवारी लावणं हे, तारेला तो गुंजणारा झंकार यावा म्हणून. एका तंबोऱ्याच्या जवारीला त्यांना कधीकधी अख्खी सकाळ लागते.

वरची खोली दहा बाय बारा फूट, छत स्लॅबचं, तेही दहा फुटांवर. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत. टेबल बारा फुटी लांबीच्या एका टोकाला, बारक्या भिंतीकडं तोंड करून, त्यावर पाच इंची मॉनिटरची जोडी. दोन वर्षांपूर्वी साडेसत्तावीस हजाराला घेतलेली. स्पीकरची पाठ आणि भिंत यात साधारण वीतभर-दीडवीत जागा, कारण ओंकारला कुणीतरी सांगितलं होतं की मॉनिटर भिंतीला चिकटवायचे नाहीत, मागं भोक असतं, त्याला श्वास घ्यायला जागा लागते.

तक्रार काय होती तेही नीट विचारून घेतलं, कारण "वाटोळं होतंय" यावरनं काही कळत नाही. ओंकारचे वडील, म्हणजे आप्पा, भजनी मंडळात गातात, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. त्यांचे अभंग ओंकारनं रेकॉर्ड केले, महिनाभर मिक्स केले, आणि एकादशीला देवळात लावले तर आप्पांचा आवाज नळकांड्यातनं आल्यासारखा, प्रत्येक सा वर गुंगणारा, आणि डग्गा? डग्गा नुसता टकटक, घुमारा नाहीच. चारचाकीत लावलं तरी तेच. माडीवर मात्र आप्पांचा आवाज बरोब्बर आणि डग्गा भरदार. म्हणजे माडीवर काहीतरी खोटं ऐकू येत होतं, एवढं तर मोजायच्या आधीच पक्कं. प्रश्न इतकाच की खोटं कोण बोलतंय, स्पीकर की खोली.

दुकानदारानं (दुसऱ्या गावचा, नाव लिहायचं कारण नाही) ओंकारला फोनवर निदान देऊन टाकलं होतं, पाच इंचीत बेस येतच नाही, आठ इंची घे, जुने चौदा हजारात परत घेतो. नवे अठ्ठावन्न हजार आणि वर केबल-बिबल धरून साठ. डेमोची जोडी चार दिवसांसाठी पाठवूनही दिली होती. आणि पत्रकावर ठळक छापलेलं, "३५ हर्ट्झ ते २२ किलोहर्ट्झ."

आता या आकड्याबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण निम्मी फसगत इथंच होते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तेवढा सूर खालचा, आणि डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप. नुसतं "इतक्यापासून तितक्यापर्यंत" याला काही अर्थ नाही, आवाज किती डेसिबल खाली पडेपर्यंत मोजलंय ते सांगितलं तरच अर्थ. यामाहाचा एचएस ५ घ्या, कंपनी स्वतःच दोन्ही आकडे देते, १० डेसिबल पडेपर्यंत मोजलं तर ५४ हर्ट्झ, ३ डेसिबल पडेपर्यंत मोजलं तर ७४ हर्ट्झ. स्पीकर तोच, फरक बघा केवढा. जेबीएलचा ३०५पी मार्क टू, १० डेसिबलच्या मापानं ४३, अधिक-उणे ३ च्या मापानं ४९. आणि जेनेलेकचा ८०३०सी, या दोघांपेक्षा कितीतरी महाग, तो ६ डेसिबलला ४७ आणि अधिक-उणे २ च्या कडक मापात ५४. नुसते मोठ्या अक्षरातले आकडे शेजारी ठेवले तर वाटेल जेबीएल ४३, जेनेलेक ४७, मग महाग कशाला घ्यायचा, पण तिघांची फूटपट्टी वेगळी आहे. १० डेसिबल पडणं म्हणजे ताकद दहावा हिस्सा राहणं, कानाला साधारण निम्मा आवाज. तिन्ही कंपन्यांनी निदान फूटपट्टी कुठली ते लिहिलंय, म्हणून मी त्यांची नावं घेऊन सांगू शकतो. ओंकारच्या त्या पत्रकावर फूटपट्टीच नव्हती. ३५ हर्ट्झ किती डेसिबलला? काहीच नाही. असला आकडा मी वाचलाच नाही असं धरतो.

मग बघायचं काय? स्पीकर समोरनं, बाजूनं, वरनं, खालनं, दर १० अंशावर असा एकूण ७० दिशांनी मोजायचा, ही पद्धत आता सीटीए-२०३४ नावाच्या मानकात आहे, बोलताना सगळे स्पिनोरामा म्हणतात. यामागं फ्लॉइड टूल यांचं कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधलं आणि पुढं हर्मनमधलं काम आहे. इतक्या दिशा कशाला तर आपण खोलीत बसून ऐकतो तेव्हा सरळ येणारा आवाज एक आणि भिंती, छत, टेबल यांच्यावर आपटून येणारे आवाज पुष्कळ, आणि कान ते सगळं मिळून एकच म्हणून ऐकतो. समोरनं आलेखात सरळ रेष असलेला (म्हणजे सगळे सूर सारख्याच जोरात देणारा) स्पीकर बाजूनं वेडावाकडा असेल तर खोलीत तो वेडावाकडाच वाटणार. शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या अशा मोजणीवरनं लोकांच्या पसंतीचा अंदाज बांधायचं सूत्र काढलं, डोळ्यांआड ऐकून दिलेल्या गुणांशी त्याचा सहसंबंध ०.८६ आला. त्या सूत्रात चारच गोष्टी आहेत, समोरच्या रेषेतल्या चढउतारांचं प्रमाण, खोलीत अंदाजे ऐकू येईल त्या रेषेतले चढउतार, ती रेष किती एकसारखी आहे, आणि बेस किती खाली जातो.

या गुणाचा मला आदर आहे पण त्याचा गैरवापरही बघतोय. लोक गुण भागिले रुपये करतात आणि ज्याचा भागाकार मोठा तो घेतात. तसं केलं की कायम सगळ्यात स्वस्त स्पीकर जिंकणार, कारण गुण दुप्पट होताना किंमत दुप्पट होत नाही, पाचपट होते. आणि सूत्रात मोठ्या आवाजातला विकार (मुळात नसलेले सूर स्पीकरनं स्वतःचे मिसळणं) धरलेला नाही, किती जोरात वाजेल ते नाही, शांततेत ट्वीटरमधनं (वरच्या सुरांच्या बारक्या स्पीकरमधनं) येणारी सूं सूं नाही. माझी पद्धत अशी की आधी किमान पायरी ठरवायची, समोरची रेष १०० हर्ट्झच्या वर अधिक-उणे २-३ डेसिबलमध्ये पाहिजे, ६० अंशांपर्यंत बाजूचा आवाज हळूहळू आणि गुळगुळीत पडला पाहिजे, मधेच खड्डा किंवा उंचवटा नको, तुमच्या ऐकायच्या जोरात विकार डोकं वर काढायला नको. ज्या जोड्या या पायरीवर चढतात त्यांच्यातच फक्त किंमत बघायची. आणि जी चूक इक्वलायझरनं (ठरावीक पट्टीचा आवाज कमीजास्त करायचं साधन) किंवा जागा बदलून सुधारते तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत. पैसे मोजायचे ते ज्या चुका घरी आल्यावर कशानंच सुधारत नाहीत त्या नसाव्यात म्हणून, म्हणजे बाजूचा आवाज आणि विकार.

रविवारी पहाटे सहाला गच्चीवर गेलो. सांगलीतल्या माझ्या एका दोस्ताची महागडी जोडी, ओंकारच्या दोन्हीपेक्षा बऱ्याच वरच्या किमतीची, तीही उसनी आणली होती, तुलनेला. पहाट का, तर वारा नसतो आणि गाड्या कमी, तरी मिरज जंक्शनची अनाउन्समेंट दोनदा मोजणीत आली, ते स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा मोजणीचा सूर) परत घ्यावे लागले. घोडा-शिडी उभी केली, तिच्यावर स्पीकर, मधल्या रेषेपासून गच्चीपर्यंत बरोबर २ मीटर, समोर १ मीटरवर माईक तेवढ्याच उंचीला. हिशेब असा की स्पीकरमधनं निघालेला आवाज माईकला सरळ १ मीटर जातो आणि गच्चीवर आपटून येणारा ४.१ मीटर फिरून येतो, म्हणजे साधारण ९ मिलिसेकंद उशिरा. लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती ९ मिलिसेकंदांच्या पुढची शेपटी कापून टाकायची की राहतो तो निव्वळ स्पीकर, खोली नाही, जमीन नाही. मर्यादा अशी की ११० हर्ट्झच्या खालचं काही सांगता येत नाही, कापून उरलेला वेळेचा तुकडा त्याला लहान पडतो. स्पीकर फिरवायला चाचांनी खालनं जेवायचा लाकडी पाट दिला, त्यावर मी खडूनं दर १० अंशाच्या रेघा मारल्या.

ओंकारच्या पाच इंचीची पूर्ण मोजणी नेटवर मिळाली होतीच, माझा आलेख २०० हर्ट्झच्या वर त्याच्याशी दीड डेसिबलच्या आत जुळला, म्हणजे माझी मांडणी बरोबर आणि त्याचा नमुनाही ठीक. रेष अधिक-उणे अडीचमध्ये, बाजूला ६० अंशांपर्यंत एखादी बारकी लाट सोडली तर गुळगुळीत. सत्तावीस हजारात याच्यापेक्षा चांगलं मागू नये.

आठ इंची समोरनं वाईट नव्हता, वरच्या टोकाला थोडा चढ, दुकानात चकचकीत वाटावा असा. पण पाट फिरवायला लागलो आणि ३० अंशांवर २ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडायला लागला, ४० ला तो ६ डेसिबल, आणि ३-४ किलोहर्ट्झला परत फुगवटा. याचं कारण अगदी साधं आहे. २ किलोहर्ट्झला आवाजाची लांबी साधारण १७ सेंटीमीटर, आठ इंची वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) हलणारा पडदा, म्हणजे कोनही, जवळजवळ तेवढाच, म्हणून त्या पट्टीत तो टॉर्चसारखा समोरच मारतो, बाजूला कमी. तिथनं पुढं एक इंची ट्वीटर सुरू होतो, त्याला वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारा तोंडाचा खोलगट आकार) नाही, तो परत चहूकडं पसरतो. दोघांचा सांधा समोरनं जुळवलाय, बाजूनं जुळलेला नाही. हे इक्वलायझरनं सुधारत नाही, कारण इक्वलायझर समोर आणि बाजूला एकदमच बदल करतो. अर्थात मोठे वूफर सगळे असेच असतात असं नाही, वेव्हगाइड नीट केला की जमतं, पण या जोडीत ते केलेलं नव्हतं.

त्याची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. ६० हर्ट्झला १ मीटरवर ९० डेसिबल काढून बघितलं तर पाच इंचीत विकार १० टक्क्यांच्या घरात गेला, मागच्या भोकातनं फसफस ऐकू यायला लागली, आठ इंची ३ टक्क्यांवर निवांत. सुर निम्म्यावर आणला की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट हलावं लागतं, बारका कोन दमणारच. ओंकार रोज ढोल-ताशा किंवा डीजेचं काम करत असता तर मी वेगळा विचार केला असता. पण तो रात्री ७५-७८ डेसिबलला अभंग ऐकतो. तिथं पाच इंचीला घामही येत नाही.

मग माडीवर. खरं सांगायचं तर मला आधी टेबलाचा संशय होता, टेबलावर आपटून येणाऱ्या आवाजानं खालच्या मधल्या पट्टीत गडबड होते, तेच असणार म्हणून मी टेबलावर जाड गोधडी टाकून पहिली मोजणी घेतली. फारसा फरक नाही. आलेख बघितला आणि मी ओंकारला म्हटलं, आप्पांना जरा वर बोलव.

बसायच्या जागी १४० हर्ट्झला खड्डा होता, ११ डेसिबलचा. त्याच्या जरा अलीकडं ११३ ला डोंगर, ८ डेसिबलचा. आणि ५६ च्या आसपास जवळजवळ काहीच नाही. आप्पा आले, मी म्हटलं आप्पा सा लावा. काळी एकचा सा म्हणजे १३८.६ हर्ट्झ. खड्ड्याच्या बरोबर तोंडावर. आप्पांचा षड्ज, ज्याच्यावर सगळा अभंग येऊन टेकतो, तोच सूर त्या खुर्चीत बसून स्पीकरमधनं पोकळ ऐकू येत होता. म्हणून पोरानं महिनाभर तिथं इक्वलायझर चढवत नेला, प्रोजेक्ट उघडून बघितलं तर १४० ला ७ डेसिबल वाढवलेले. आणि डग्ग्याचा घुमारा ११३ च्या डोंगरावर बसून डोक्यात जात होता म्हणून तिथं ६ डेसिबल कापलेले. देवळात ना खड्डा ना डोंगर, तिथं त्याचं वाढवलेलं आणि कापलेलं जसंच्या तसं ऐकू आलं. ओंकार आलेखाकडं बघत बसला. "म्हणजे माझे कान बरोबर होते दादा?" कान बरोबरच होते. जे ऐकू येत होतं ते त्यानं इमानदारीनं दुरुस्त केलं होतं.

खड्डा कुठनं आला ते फूटपट्टीनं काढलं. वूफरच्या कोनपासून मागच्या भिंतीपर्यंत ६१ सेंटीमीटर. खालचे सूर स्पीकरमधनं चहूकडं पसरतात, मागच्या भिंतीवर आपटून पुढं येतात, म्हणजे १.२२ मीटर जास्त चालून. ज्या सुराची अर्धी लांबी बरोबर १.२२ मीटर तो उलटा होऊन येतो आणि सरळ आवाजाला खातो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा, त्याला अंतराच्या चौपटीनं भागा, ३४५ भागिले २.४४, १४१ हर्ट्झ. हा भागाकार कुणालाही मोबाईलवर करता येतो. डोंगराचं कारण खोली. दहा फूट रुंदी आणि दहा फूट उंची, दोन्ही सारखी, म्हणून ५६ आणि ११३ हर्ट्झच्या घुमण्या (समोरासमोरच्या भिंतींमधे तोच सूर घुमत राहणं) दोन्हीकडनं एकावर एक चढतात. रुंदीच्या मधोमध बसलं की पहिली घुमणी, ५६ ची, नेमकी शून्यावर असते आणि दुसरी, ११३ ची, पूर्ण जोरात. आणि हे स्पीकरच्या इंचावर अवलंबून नाही. शंका राहू नये म्हणून आठ इंची त्याच जागेवर ठेवून मोजला, १४० चा खड्डा तिथंच, ११३ चा डोंगर तिथंच, ५६ गायबच. साठ हजार देऊन तोच खड्डा परत विकत मिळणार होता.

ओंकार मात्र अजून पूर्ण पटलेला नव्हता. त्याचं म्हणणं, आदल्या दिवशी दोन्ही लावून बघितले तेव्हा आठ इंची सगळ्यांनाच आवडला होता, आप्पांना, चाचांना, शेजारच्यांनासुद्धा. बरोबर आहे, नॉबच्या त्याच खुणेवर तो ३ डेसिबल जोरात वाजत होता, आणि दिसायलाही दांडगा. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं होतं, ४० जणांना तेच स्पीकर एकदा बघत आणि एकदा पडद्यामागनं ऐकवले, नजरेसमोर असताना दिलेले गुण आणि पडद्याआडचे गुण जुळलेच नाहीत, आणि ते सगळे लोक स्पीकर कंपनीतले.

तर आपणही पडदा लावला. खालचा हॉल मोठा आहे, तिथं आप्पांचं पातळ धोतर दोरीवर पसरलं, त्याच्यातनं आवाज आरपार जातो का ते आधी मोजून घेतलं. तिन्ही जोड्यांतला एकेकच स्पीकर, कारण एकट्या स्पीकरवर दोष लवकर पकडता येतात, एकाच स्टुलावर एकाच खुणेवर आळीपाळीनं, पिंक नॉईज (सगळ्या पट्ट्या असलेला मोजणीचा खळखळाट) लावून तिघांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत सारखी केली. बदलायचं काम शेजारच्या पोरानं केलं, क्रम चिठ्ठ्या टाकून, मलासुद्धा माहीत नाही. ऐकायला आप्पा, चाचा, ओंकार. प्रत्येकी पाच फेऱ्या, दर फेरीत तिन्ही ऐकून एक निवडायचा.

गाणी काय लावली यापेक्षा तंबोरा काय लावला ते महत्त्वाचं ठरलं. चाचांचाच एक पुरुषी तंबोरा, काळी एकला लावलेला, आम्ही तिथंच रेकॉर्ड केला होता. स्पीकर पारखायला तंबोऱ्यासारखं दुसरं काही नाही असं माझं मत झालंय, खर्जाची तार ६९ हर्ट्झला आणि जवारीमुळं तिच्यावर स्वरांशांची (मूळ सुराच्या वरच्या उपसुरांची) रांगच्या रांग वरपर्यंत, आणि थांबणं नाही. कुठल्याही पट्टीत उंचवटा असला की त्या जागेचा स्वरांश एकटा पुढं येतो. चाचांना यातलं किलोहर्ट्झ वगैरे काही माहीत नाही. दुसऱ्या फेरीत ते एकाएकी उठले, डावीकडं दोन पावलं सरकले, परत जागेवर आले, परत सरकले. "ये वाला... हिथं उभारलं की जवारी खुली, तिथं गेलं की बंद. धागा सरकल्यावानी." धागा म्हणजे तंबोऱ्याच्या तारेखाली जवारी खुलवायला घालतात तो. पाचही फेऱ्यांत तसं कुठं वाटलं ते त्यांनी सांगितलं, आणि चिठ्ठ्या उघडल्यावर पाचही वेळा तो आठ इंची निघाला. गच्चीवर ४० अंशांला दिसलेला खड्डा चाचांनी दोन पावलांत पकडला होता.

पंधरा मतांपैकी आठ महागड्या जोडीला, पाच ओंकारच्या पाच इंचीला, दोन आठ इंचीला. तीन माणसांच्या पंधरा मतांवरनं जगाला काही सांगता येत नाही, ते मला समजतं. पण एका घरानं कर्ज काढायचं का नाही एवढं ठरवायला ती पुरेशी होती, आणि मोजणीशी जुळत होती. महागडी जोडी चांगली आहे हेही खरंच, ओंकारला ती उघड आवडली, आप्पांचा आवाज तिच्यावर जास्त जवळचा वाटला. किंमत मात्र त्याच्या दोन वर्षांच्या कमाईचा विचार करायला लावणारी, आणि १४० चा खड्डा तिच्यातही पडलाच असता.

सोमवारी सही झाली नाही. डेमोची जोडी परत गेली, दुकानदार थोडा नाराज झाला, ठीक आहे.

मग केलं काय, तर टेबल अर्धा फूट पुढं ओढलं आणि स्पीकर टेबलावरनं काढून त्याच्या मागं स्टँडवर घेतले, कुपवाड एमआयडीसीत एका वेल्डरकडनं चौकोनी पाइपचे बनवून आत वाळू भरली, जोडीचे चौदाशे. मागच्या भिंतीला दोन इंची रॉकवूल, तेही कुपवाडमधनंच, बॉयलरच्या कामाला वापरतात ते, लाकडी चौकटीत घालून वर सुती कापड. स्पीकरची पाठ त्यापासून चार बोटांवर. भोकाला तेवढी जागा पुष्कळ होते. कोन आता भिंतीपासून ३५ सेंटीमीटरवर आला, म्हणजे खड्डा २४५ हर्ट्झकडं सरकला, आणि तिथं रॉकवूल आवाज बऱ्यापैकी पितं. भिंतीजवळ गेल्यानं बेस फुगतो, त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवरचं बटण खाली केलं, ते बटण त्यासाठीच असतं आणि दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. एकूण सहा पॅनेल, दोन बाजूच्या भिंतींना, दोन डोक्यावर, चौकटी-कापड-मजुरी धरून सहा हजार आठशे. ११३ च्या डोंगराला इक्वलायझरनं ५ डेसिबल कापले, डोंगर कापता येतो. खड्डा भरता येत नाही, जेवढा आवाज वाढवाल तेवढाच उलटा परत येतो, अँप्लिफायर उगीच तापतो.

परत मोजलं. १४० चा खड्डा ११ वरनं ३ डेसिबलवर, नवा २४५ चा ४ डेसिबलचा, डोंगर २ वर. ५६ चं मात्र काही झालं नाही, ते त्या खोलीत त्या खुर्चीत व्हायचंही नाही, खुर्ची मधनं सरकवली तर डावं-उजवं बिघडतं. ओंकार आता ६० च्या खालचं हेडफोनवर तपासतो. खर्च झाला आठ हजार दोनशे.

त्यानं आप्पांचे अभंग पहिल्यापासून मिक्स केले. १४० ला वाढवलेले ७ डेसिबल काढून टाकले, तिथं आता काहीच लावलेलं नाही. डग्ग्याला दीड डेसिबल कापलेत फक्त. पुढच्या एकादशीला मी मुद्दाम गेलो, देवळाच्या मागच्या बाजूला, चपला ठेवतात तिथं उभा राहिलो, म्हणजे स्पीकर समोर नको. आप्पांचा सा आला, साधा, जसा ते घरात लावतात तसा. चाचा नमाज उरकून आले होते, बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. डग्गा सुरू झाला तशी त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.